फाट्यावरचा लिंब आणि चौकातला घोडा

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. पहिली ते दहावी मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी डोंगरकड्याची मराठी आणि वहीत इंग्लिश, अशी माझी अवस्था. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर मराठी विभागाच्या मॅडमनी मला नाही, प्रूफ वाचणाऱ्या माझ्या रूममेटला बोलावं!

विषय आहे सार्वजनिक कला. म्हणजे शहरात, रस्त्यावर, चौकात, सगळ्यांच्या वाटेत उभी राहणारी कला, आणि ती कुठे, कशी, किती दिवस उभी करायची हे ठरवणारा माणूस. हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. माझ्या हातून एक घोटाळा झाला, म्हणून तो वाचावा लागला.

आमचं गाव डोंगरकडा. हिंगोली जिल्हा, कळमनुरी तालुका, नांदेड-हिंगोली रस्त्यावर. केळी, ऊस, हळद. फाट्यावर एक जुना लिंब होता. एस.टी.ची वाट बघणारे, केळीच्या गाडीची वाट बघणारे, कुणाचीच वाट न बघणारे, सगळे त्याच्याखाली. रस्ता रुंद झाला आणि लिंब गेला. सेकंड इयरच्या उन्हाळी सुट्टीत मी, माझी चुलत बहीण आणि तिच्या वर्गातली दोन मुलं, आम्ही ठरवलं की त्या लिंबाची आठवण म्हणून तिथे एक 'इन्स्टॉलेशन' करायचं. जुने पी.व्ही.सी. पाईप खोड म्हणून आणि ठिबकच्या निकामी काळ्या नळ्या फांद्या म्हणून. नऊ फूट उंच. मला तर ते फारच भारी वाटत होतं. इंटरनेटवर जी चित्रं पाहिली होती त्यांच्यापेक्षा कमी नाही!

गावाचं मत वेगळं पडलं. पहिल्याच दिवशी एक काका थांबून म्हणाले, "हे काय बांधायलाव गं पोरीहो? बसथांबा व्हायला का?" दुसऱ्या दिवशी कुणीतरी एका 'फांदी'ला भाजीची पिशवी अडकवली. तिसऱ्या दिवशी एक आजी आल्या, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "लिंबाखाली बसता येत होतं माय. ह्याच्याखाली काय करावं?"

मला ते लागलं. म्हणून मी वर दहा बाय दहाची हिरवी शेडनेट बांधली. सावली झाली, माणसं बसली, मी खूश. आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी मे महिन्यातलं वळवाचं वारं सुटलं. नेटने शिडासारखं वारं धरलं आणि आमचा लिंब बुडासकट आडवा झाला, तो एका उभ्या मोटारसायकलवर. हेडलाईट आणि आरसा फुटला. पैसे आबांनी भरले. बोलले काहीच नाहीत, फक्त एवढं विचारलं की गाडीच्या जागी लेकरू असतं तर? पाच मिनिटांपूर्वी तिथे दोन लेकरं बसलेली होती.

यानंतर मी वाचायला घेतलं. पुढचं सगळं त्या वाचनातून आलेलं आहे.

शब्दांपासून सुरू करू. इन्स्टॉलेशनला मराठीत 'मांडणशिल्प' असा छान शब्द आहे. क्युरेटरला वर्तमानपत्रांत कधी 'गुंफणकार', कधी 'विचारनियोजक' म्हटलेलं वाचायला मिळतं. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'काळजी घेणे' असा आहे. मला हा अर्थच जास्त पटतो. चित्रकार कलाकृती करतो. ती कुणाच्या दारात उभी राहणार, कुणाच्या वाटेत येणार, पावसात तिचं काय होणार, ती कधी काढायची आणि काढल्यावर तो खड्डा कोण बुजवणार, ही काळजी क्युरेटरची. म्युझियममध्ये हे काम सोपं असतं, कारण तिथे येणारा माणूस तिकीट काढून, बघायचं ठरवून येतो. फाट्यावरचा माणूस एस.टी.साठी आलेला असतो. त्याने तुमची कला मागितलेली नसते. सगळी अडचण इथून सुरू होते.

आता आपल्या महाराष्ट्रातलं एक जुनं आणि सोपं उदाहरण घेऊ.

मुंबईत काळा घोडा नावाचा भाग आहे. इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी तिथे फोटो काढले आहेत. घोडा कुठला, हे मात्र आमच्या बसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. इंग्लंडचा युवराज (पुढे सातवा एडवर्ड) १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याची आठवण म्हणून अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून या व्यापाऱ्याने शहराला त्याचा अश्वारूढ पुतळा दिला. १८७९ मध्ये तो उभा राहिला. लोकांनी स्वाराला बाजूला ठेवलं आणि घोड्याच्या रंगावरून भागाचं नाव पाडलं! १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. गंमत अशी की घोडा गेला तरी भागाचं नाव तेच राहिलं. पन्नासेक वर्षं 'काळा घोडा' या ठिकाणी घोडाच नव्हता. मग २०१७ मध्ये काळा घोडा असोसिएशनने तिथे नवा घोडा बसवला. रचना वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची, शिल्पकार श्रीहरी भोसले. उंची सुमारे २५ फूट. आणि या घोड्यावर स्वार नाही.

माझ्या मते क्युरेटरने घ्यायचा निर्णय म्हणतात तो हाच. स्वार कोण बसवायचा यावर महाराष्ट्रात किती भांडणं झाली असती, विचार करा. लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच ज्याला नाव दिलं होतं तेवढंच परत आणलं. नवीन काही लादलं नाही. मी फाट्यावर याच्या उलट केलं. लोकांना आठवत होती सावली, आणि मी उभं केलं खोड.

त्याच भागात १९९९ पासून काळा घोडा कला महोत्सव भरतो. नऊ दिवस रॅम्पार्ट रो हा रस्ता वाहनांना बंद करून तिथे मांडणशिल्पं उभी केली जातात. नऊ दिवस म्हणजे नऊच दिवस. दहाव्या दिवशी सगळं उचलून रस्ता मोकळा. वाचताना मला हे फार महत्त्वाचं वाटलं, कारण तात्पुरत्या आणि कायमच्या कामाचे नियम पूर्ण वेगळे आहेत. तात्पुरत्या कामात कलाकाराला धाडस करता येतं. लोकांना आवडलं नाही तरी आठवड्याभराचा प्रश्न असतो. कायमच्या कामाला पाया लागतो, देखभालीचा पैसा लागतो, आणि सरकारी परवानगीही तशीच कडक असते. महाराष्ट्रात सार्वजनिक जागी पुतळा बसवायचा तर त्याच्या मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मंजुरी लागते. आमचा लिंब यातल्या कशातच बसत नव्हता. तो किती दिवस राहणार हे आम्ही ठरवलंच नव्हतं. रस्त्याकडेची ती जागा नेमकी कुणाच्या ताब्यात येते, हेही विचारलं नव्हतं.

आता ससून डॉक. घोड्याचा पुतळा देणारा जो ससून, त्यानेच १८७५ मध्ये कुलाब्याला ही गोदी बांधली. आजही तिथे पहाटे बोटी लागतात, मासळीचा लिलाव होतो, बायका ओळीने बसून कोळंबी सोलतात. नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मध्ये 'स्टार्ट इंडिया फाउंडेशन' या संस्थेने इथल्या गोदामांत आणि भिंतींवर मोठं कलाप्रदर्शन भरवलं. संस्थेच्या क्युरेटर जुलिया अँब्रोजी. प्रवेश फुकट. विचार करा, आर्ट गॅलरीत पांढऱ्या भिंती, ए.सी. आणि कुजबुज असते. इथे मासळीचा वास, ओली फरशी, हातगाड्या आणि "बाजूला व्हा!" अशी ओरड. मला वाटतं क्युरेटरपुढे दोन वाटा असतात. एक, गोदी काही आठवडे झाकून गॅलरीसारखी करायची. दुसरी, गोदी चालू ठेवून कलेलाच त्यात जागा शोधायला लावायची. त्यांनी दुसरी धरली.

यातली दोन कामं सांगते. एक, गोदीत राबणाऱ्या माणसांचेच मोठमोठे फोटो काढून भिंतींवर चिकटवले. जे.आर. नावाच्या फ्रेंच कलाकाराने जगभर 'इनसाइड आउट' नावाचा असा उपक्रम चालवलाय, त्याचाच हा भाग. म्हणजे शहरातले लोक कला बघायला आले आणि भिंतीवरून कोळणी त्यांच्याकडे बघत होत्या! दुसरं, सिंगापूरच्या टॅन झी शी या कलाकार मुलीने वापरून फेकलेल्या प्लास्टिकच्या वस्तू छतापासून अशा टांगल्या की खाली उभं राहिलं की आपण पाण्याच्या तळाशी आहोत आणि वर कचरा तरंगतोय असं वाटावं. हेच काम मॉलमध्ये टांगलं असतं तर 'छान डेकोरेशन' झालं असतं. ज्यांच्या जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिक येतं त्यांच्या गोदीत टांगलं, म्हणून ते बोचतं. जागा बदलली की कलाकृतीचा अर्थ बदलतो, हे मी पुस्तकात चार वेळा वाचूनही समजलं नव्हतं, या उदाहरणावरून समजलं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबई अर्बन आर्ट फेस्टिव्हलच्या निमित्ताने ससून डॉकला असं प्रदर्शन पुन्हा भरलं.

मुंबईत आणखीही पुष्कळ आहे. वांद्र्याला एम.टी.एन.एल.च्या इमारतीवर रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये रंगवलेले दादासाहेब फाळके आहेत. चर्चगेट स्टेशनवर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्राने २०१८ मध्ये रंगवलेले गांधीजी आहेत. गोव्यात पणजीला २०१६ पासून सेरेंडिपिटी महोत्सव भरतो. या सगळ्यांवर लिहायला पानं पुरणार नाहीत, आणि संपादक आधीच घड्याळ दाखवतायत.

पण सगळं नीट करूनही बिघडतं, त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण सांगायलाच हवं. न्यूयॉर्कमध्ये एका सरकारी कचेरीसमोरच्या चौकात १९८१ मध्ये रिचर्ड सेरा या मोठ्या शिल्पकाराने 'टिल्टेड आर्क' उभं केलं. १२० फूट लांब, १२ फूट उंच, किंचित कललेली पोलादाची भिंत. सरकारनेच पैसे देऊन करून घेतलेली. शिल्पकाराचं म्हणणं, माणसाला चालता चालता जागेची जाणीव व्हावी. कचेरीतल्या लोकांचं म्हणणं, आम्हाला सरळ चालत जाऊन डबा खायला बसायचंय, ही भिंत कशाला मध्ये? १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. बोलणाऱ्यांपैकी १२२ जण ती ठेवा म्हणाले, ५८ जण काढा म्हणाले. तरीही समितीने ४ विरुद्ध १ मतांनी काढायचं ठरवलं. कोर्टकचेरी झाली आणि मार्च १९८९ मध्ये एका रात्रीत भिंत कापून गोदामात नेली.

यावर आमच्या विंगमध्ये रात्री दीडपर्यंत वाद झाला (सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं!). एक गट म्हणाला, बहुमत ठेवण्याच्या बाजूने असताना काढली हा अन्याय. दुसरा म्हणाला, सुनावणीला येऊन बोलणारे कलाक्षेत्रातले लोक रोज त्या चौकातून थोडेच जात होते? मी आधी पहिल्या गटात होते. मग त्या आजी आठवल्या. आजींनी कुठल्या सुनावणीत भाषण केलं नसतं, पण बसायची वेळ त्यांच्यावर येत होती. तरीसुद्धा 'लोकांना आवडलं नाही म्हणून काढा' हा नियम केला तर शहरात फक्त कारंजी आणि सिमेंटचे हत्तीच उरतील, ही भीतीही मला खोटी वाटत नाही. त्या चौकात भिंत उभी करण्याआधी तिथल्या माणसांशी जेवढं बोलायला हवं होतं तेवढं बोलणं झालं नाही, असं मला वाटतं. आठ वर्षं भांडण चाललं आणि बोलणं सगळं नंतर झालं.

आता आपल्या कामाचा भाग. सर, इथून पुढचं तुम्ही तपासा.

आय.एस. ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूलभूत वेग दिलेला असतो. मुंबईला सेकंदाला ४४ मीटर, छत्रपती संभाजीनगरला ३९. दाब काढायचं सूत्र आपण सगळे घोकतो: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ३९ धरला तर चौरस मीटरला ९१२ न्यूटन. म्हणजे दहा बाय वीस फुटांचं एक साधं फ्लेक्स जोरात वारं अंगावर घेतं तेव्हा त्याच्यावर जवळजवळ १७०० किलोचा रेटा येतो. घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळात १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला त्याचं अनावरण झालं होतं, म्हणजे नऊ महिनेही झाले नव्हते. २०२५ मध्ये तिथे नवा, मोठा पुतळा उभा राहिला. या बातम्या आपण वाचतो, फॉरवर्ड करतो आणि मेसला जातो. मीही तेच केलं होतं.

आमच्या लिंबाचं गणित मी नंतर मांडलं. त्या दिवशीचं वारं सेकंदाला २० मीटर धरू, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. दाब २४० न्यूटन. नेटचं क्षेत्रफळ ९.३ चौरस मीटर. रेटा साधारण २२७ किलो. नेटला भोकं असतात म्हणून निम्माच धरू, ११४. हा रेटा जमिनीपासून नऊ फुटांवर, म्हणजे २.७४ मीटरवर. गुणाकार केला तर उलथवणारा मोमेंट साधारण ३१० किलो-मीटर. आणि आम्ही बुडाशी काय ठेवलं होतं? तीन फुटी चौकटीवर वाळूच्या चार गोण्या, दोनशे किलो. चौकटीच्या निम्म्या रुंदीने गुणलं तर ९०. तीनशे दहा विरुद्ध नव्वद! सेकंड इयर पास झालेल्या मुलीने हे आधी करायला काय हरकत होती? खरं सांगू, मनातच आलं नाही. स्ट्रेंथचा पेपर वेगळा आणि 'कला' वेगळी, अशी माझ्या डोक्यात भिंत होती. नेट नव्हती तोवर नळ्यांमधून वारं आरपार जात होतं. लोकांचं ऐकून मी सावली केली ते बरोबरच होतं, पण त्या क्षणी ते शिल्प राहिलं नव्हतं, छप्पर झालं होतं. छप्पराचा हिशोब मी केला नाही.

मोठ्या शहरांतल्या क्युरेटरच्या टीममध्ये म्हणूनच आपल्यासारखा एक माणूस लागतो. शिकागोचं 'क्लाउड गेट' बघा. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं, स्टेनलेस स्टीलच्या १६८ पत्र्यांचं, सुमारे ११० टनांचं. जोड दिसू नयेत म्हणून घासूनपुसून पूर्ण व्हायला २००६ उजाडलं. त्याखालून लोक चालतात, हात लावतात, भांग पाडतात. कपूरांची कल्पना खरी, पण ११० टन पेलणारा सांगाडा कुणीतरी आकडे मांडूनच काढलेला आहे.

आता मी उलटा प्रश्न विचारते. हे सगळं मुंबई-न्यूयॉर्कचं, आपल्या हिंगोलीत काय आहे? मलाही आधी वाटायचं की काही नाही. मग आबांनी विचारलं, "आणि दसऱ्याचा रावण?" हिंगोलीचा सार्वजनिक दसरा दीडशे वर्षांहून जुना. रामलीला मैदानावर उंचच उंच रावण उभा करतात आणि एका रात्रीत जाळतात. बघा, यात सगळं आलं. तात्पुरती कलाकृती आहे. ती कधी जाणार हे आधीपासून पक्कं आहे. गर्दी किती अंतरावर उभी राहणार हे ठरलेलं आहे. कारागीर आहेत. आणि 'ह्याचा उपयोग काय' असं कुणी विचारत नाही, कारण आपल्याला काय बघायचंय हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. गणपतीतल्या मंडळांच्या देखाव्यांचंही तसंच. देखावा हा शब्द आपल्याकडे असताना मी इन्स्टॉलेशन, इन्स्टॉलेशन करत फिरत होते!

आबा तसे कमी बोलतात. रावणाचं सांगून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा करायलीस का ते?" मी हो म्हणाले तर त्यांनी अट घातली की आधी विचारायचं.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मी काहीच बांधलं नाही. वही घेऊन चार दिवस फाट्यावर बसले. कोण किती वाजता येतं, कुठल्या बाजूला तोंड करून उभं राहतं, ऊन कुठून येतं, हे लिहून काढलं. ग्रामपंचायतीत जाऊन जागेचं विचारलं, तर तिथेच कळलं की रस्त्याची हद्द कुठपर्यंत आहे आणि त्याच्या आतली कुठली जागा गावाची आहे. म्हणजे आमचा लिंब चार फूट रस्त्याच्या हद्दीत होता! पाण्याच्या टाकीशेजारच्या गावाच्या जागेत अर्ज दिलाय. पाया तीन फूट खोल धरलाय, खोड लोखंडी पाईपचं, नेटऐवजी पत्र्याची वेगवेगळी पानं, मधून वारं जाईल अशी. खाली ओटा. कुणाला वाटेल तर गोल, नाहीतर सरळ. ड्रॉइंग हॉस्टेलच्या नोटीस बोर्डशेजारी लावलंय, चुका सापडल्या तर पेन्सिलने लिहा.

लिंबाखाली ज्यांचा चहाचा गाडा होता ते काका आता समोरच्या बाजूला असतात. त्यांना ड्रॉइंग दाखवलं. शिल्पाबद्दल ते काही बोलले नाहीत. ओटा तेवढा बोटाने दाखवून म्हणाले, "ह्याचं तोंड नांदेडकडं करा. हिंगोलीला जाणारी गाडी तिकडून येती. मान वळवून वळवून बसायचं का माणसानं?"

ड्रॉइंगमध्ये ओटा हिंगोलीकडे तोंड करून होता. तो मी त्याच रात्री फिरवला.